रस्त्याकडचा उतार

सोलर बसवणाऱ्या ठेकेदाराने मला फसवलं. माझ्या पत्र्याच्या घराला दोन उतार आहेत. त्याने पॅनेल उत्तरेच्या उतारावर ठोकले, कारण रस्ता तिकडून जातो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्याचं काम दिसतं. भाव करताना मी त्याला घाम फोडला. दिशा मात्र विचारली नाही.

आज भर दुपारी पौषातलं ऊन दक्षिणेच्या पत्र्यावर पसरलं होतं. तिथे बायकोने बोरं वाळत घातली होती. पलीकडच्या पॅनेलवर तिरपी, फिकी उजेडाची साय आणि खाली माझी विजेवरची स्कूटर अर्धीच चार्ज झालेली.

"रस्त्याला दाखवायला बसवून घेतलेत ना? आता रस्त्याकडेच वीज मागा," बायको शिडीवरून म्हणाली.

मी चिडलो. आयुष्यभर मी माणसांशी घासाघीस केली. ऊन कुणाशीच करत नाही. ते वर्षानुवर्षं ठरल्या जागी उतरतं आणि आपण घराची पुढची बाजू लोकांच्या नजरेवरून ठरवतो.

तरी बाजाराच्या वाटेवर बॅटरी संपली म्हणून भाजीच्या पाट्यांसकट चढावर स्कूटर मी आता ढकलणार नाही. ठेकेदारसाहेब, उद्या बारा वाजता वर चढा आणि माझ्या बायकोसमोर सांगा, पॅनेल तुम्ही उन्हासाठी बसवले की रस्त्यासाठी?