आईचा आवाज गेला तेव्हा

आई गेली ब्याऐंशीव्या वर्षी, पण तिचं बोलणं तीन वर्षं आधीच गेलं होतं. आम्ही पोरके झालो ते खरं तर तेव्हाच.

आम्ही पाच भावंडं. बाबा गेले तेव्हा मी सातवीत होते आणि धाकटा चार वर्षांचा. आई एका शाळेच्या कार्यालयात कारकून होती. पाच पोरांचं करता करता कुणाचंही कंबरडं मोडलं असतं, पण आईनं त्याच वर्षी अंध मुलांच्या वसतिगृहात संध्याकाळी वाचून दाखवायला जायला सुरुवात केली. शाळेच्या फळ्यावर ‘वाचक हवेत’ अशी चिठ्ठी लागली होती, एवढंच कारण.

थोरली ताई म्हणाली, “घरात पाच कमी पडले का तुला?”

“तुम्हाला डोळे आहेत,” आई म्हणाली. “आपलं आपण वाचा.”

हे आम्ही बरीच वर्षं मनात धरून होतो.

एकेचाळीस वर्षं ती तिथं जात राहिली. इतिहास वाचला, कायदा वाचला, बँकेच्या परीक्षांची पुस्तकं वाचली. भूमितीची आकृती ती मुलांच्या तळहातावर बोटानं काढायची. ती मुलं तिला वाचनमावशी म्हणत. परीक्षेला लेखनिक म्हणूनही बसायची. एकदा घरी आली ती डोळे पुसतच. मुलानं उत्तर चुकीचं सांगितलं होतं आणि हिनं ते तसंच लिहिलं होतं. “हात शिवशिवत होते गं,” म्हणाली, “पण पेपर त्याचा होता.”

घरातही शेवटचा शब्द तिचाच. दोन्ही भावांच्या बायकांचं पटेना, तेव्हा तिनं एका वाक्यात निकाल लावला, “स्वयंपाक वेगळा करा, जिना एकच ठेवा.” थोरला वर, धाकटा खाली. मी लग्न केलं नाही, आईजवळ राहिले. जावयांची भांडणंसुद्धा तिच्यापुढे यायची. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण तिच्या बोलण्यानं कुणी दुखावून गेल्याचं मला आठवत नाही.

एका सकाळी पेपर मोठ्यानं वाचता वाचता तिचे शब्द एकमेकांत गुंतले. हातातून पेपर गळला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, “त्यांना सगळं समजतं. फक्त शब्द सापडत नाहीत.”

एकच शब्द उरला, ‘परवा’. पाणी हवं, परवा. पाय दुखतोय, परवा. सुरुवातीला नातवंडं हसायची आणि तीही हसायची. मग तिचं हसणं थांबलं.

सहा महिन्यांत थोरल्यानं घराच्या मागून लोखंडी जिना चढवला. ती खिडकीतून वेल्डिंगच्या ठिणग्या बघत बसली. मी पडदा ओढायला गेले, तर तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

वसतिगृहातला तिचा एक जुना विद्यार्थी टेलिफोन ऑपरेटर होता. तो एक दिवस काठी टेकत आला. सोबत उठावाच्या अक्षरांचं जाड पुस्तक होतं. “आता मी वाचतो, मावशी,” म्हणाला आणि पानावरून बोटं फिरवत वाचू लागला. दोन परिच्छेद झाले असतील. आई “परवा, परवा” म्हणत उठून बसली आणि तिनं त्याचा हात पानावरून ढकलून दिला.

“काय म्हणतायत मावशी?” त्यानं मला विचारलं.

“थकली असेल,” मी म्हणाले. मला काहीच कळलं नव्हतं.

“मला वाटलं होतं, बरं वाटेल त्यांना.” त्यानं पुस्तक पिशवीत घातलं. तो पुन्हा आला नाही, मीही बोलावलं नाही.

शेवटच्या महिन्यात एका दुपारी तिनं हातानं खुणा करून दोन्ही भावांना बोलावून घेतलं. कितीतरी दिवसांनी ते एका खोलीत आले होते. दोघांचे हात धरून ती पाव तास बोलली. तोच एक शब्द, पण समजावल्यासारखा, मध्येच रागावल्यासारखा, मध्येच विनवल्यासारखा. थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “हो आई, कळलं,” तो म्हणाला.

आमचं खोटं तिला लहानपणापासून ओळखू यायचं. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं, दोघांचेही हात सोडले आणि ती भिंतीकडे तोंड करून निजली. त्यानंतर तिनं तो एक शब्दही उच्चारला नाही. एकोणीस दिवसांनी, मी तिच्या अंगाखालची चादर बदलत असताना ती गेली.

आता थोरला शपथेवर सांगतो, आईनं घर एकत्र ठेवायला सांगितलं. धाकटा तितक्याच शपथेवर सांगतो, तिनं वाटण्या करून मोकळं व्हायला सांगितलं. दोघांचं बोलणं पूर्ण बंद आहे. साक्षीदार मी एकटी, म्हणून दोघंही मला विचारतात. मी खरं तेच सांगते, की मला कळलं नाही. मग दोघंही माझ्यावर चिडतात.

घर विकायला काढलं आहे. मी तिच्या कपाटातली पुस्तकं वसतिगृहाला द्यायला गेले होते. तिथल्या नव्या बाईंनी विचारलं, “कोण वाचनमावशी?” आता मुलं फोनवर ऐकतात, म्हणाल्या. पुस्तकं परत घेऊन आले.