दुसऱ्या गनवरची सावली

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. अंगात येणं, दिसणं, लागणं — यातलं काहीच मी कधी मानलं नाही. तरी हे लिहितोय, कारण याचं उत्तर मला माझ्याच विषयात सापडलेलं नाही.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. बाबांच्या हृदयात स्टेंट टाकून तीन आठवडे झाले होते आणि नांदेडला माझ्याकडे ते कंटाळले होते. त्यांना अल्लीपूरला घरी सोडायला निघालो, माझ्या नव्या इलेक्ट्रिक गाडीने. ती घेताना एका सहकाऱ्याशी महिनाभर वाद घातला होता. त्याची गाडी एका चार्जमध्ये जास्त पळते, पण चार्ज व्हायला वेळ खाते. माझी कमी पळते, पण फास्ट चार्जरवर पाऊण तासात तयार. "लांबच्या प्रवासाला चार्जिंगचा वेग महत्त्वाचा," असं मी ठासून सांगितलं होतं.

बाबांचं मत वेगळं. "मोबाईलले चाकं लावले तुनं!"

देवळीच्या अलीकडे पोचलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. बॅटरी पाच टक्के. रस्त्याकाठी नवीन चार्जिंग स्टेशन, गाडीला जोडायच्या दोन गन, चौकीदार जेवायला गेलेला. गन लावली आणि स्क्रीनवर चार्जिंगचा वेग पाहिला. पन्नासच्या जागी अकरा किलोवॅट! उन्हाने बॅटरी इतकी तापली होती की गाडी स्वतःच चार्जिंग रोखून धरत होती.

"तो एसी बंद कर. तुये टक्के खाऊन राह्यला."

"राहू द्या ना बाबा."

त्यांनी स्वतःच बटण दाबलं.

दहा मिनिटांत त्यांचं बोलणं थांबलं. चेहरा लाल, ओठ कोरडे, अंगावर घाम नाही. मी एसी लावला तर हवा गरमच. पाणी पाजलं, ते ओठांवरून ओघळलं. सेवाग्रामचं हॉस्पिटल तीसेक किलोमीटर आणि गाडीत सात टक्के. देवळीतल्या ओळखीच्याला फोन लावला, तो उचलेना. रस्त्यावर हात केला, कोणी थांबेना.

तेवढ्यात बाबांनी डोळे उघडले.

"काऊन बे, सावली असून उन्हात काऊन तळून राह्यला? त्या निंबाखाली घे ना गाडी."

दुसऱ्या गनवर खरंच मोठ्या कडुनिंबाची दाट सावली होती. आल्या आल्या मला ती कशी दिसली नाही, कोण जाणे. गाडी तिकडे घेतली, गन लावली. आकडा चढू लागला — अकरा, वीस, एकेचाळीस. काच खाली केली तर गार झुळूक!

"हे माया हातचं झाड आहे," बाबा पुटपुटले.

बाबा रस्त्याच्या कामावर रोजंदारीला होते. या रस्त्याकाठची झाडं त्यांनी डबड्याने पाणी घालून जगवली आणि त्याच रोजीवर मला शिकवलं. थोड्या वेळाने त्यांच्या कपाळावर घाम आला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

"चहा भेटन का इथं?" त्यांनी विचारलं.

अर्ध्या तासात निघालो. सेवाग्रामला डॉक्टरांनी सलाईन लावली, हृदय ठीक आहे म्हणाले. दुसऱ्या दिवशी बाबा अल्लीपूरच्या अंगणात बाजेवर बसून मोबाईलच्या चाकांची गोष्ट शेजाऱ्यांना सांगत होते.

चार दिवसांनी एकटाच परतताना त्याच स्टेशनवर थांबलो. दुसरी गन भर उन्हात. पेव्हर ब्लॉकच्या कडेला जमिनीलगत कापलेलं खोड.

"इथलं झाड?" मी चौकीदाराला विचारलं.

"मशीन बसवली तवाच कापलं, सर. वर्ष झालं. पाहा ना, माणूस भाजून राह्यला इथं."

ॲपमधली त्या दुपारची पावती अजून माझ्याकडे आहे : गन दोन, एकेचाळीस किलोवॅट. वारा सुटला असेल, बॅटरी निवली असेल... सगळं लावून पाहिलं. सावलीचं काय, ते जमत नाही.

बाबा आता छान आहेत. फोनवर दर वेळी विचारतात, "त्या रस्त्यानं गेलता का? माहा निंब कसा आहे?"

"चांगला आहे बाबा. सावली दाट आहे."

आणि मला खोटं बोलल्यासारखं वाटत नाही.