गायकवाड गुरुजींचा अंगठा

"नगरचे सर्जन म्हणतात, पायाचा अंगठा काढावा लागेल," गायकवाड गुरुजींनी पट्टी सोडता सोडता सांगितलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. राहात्यात माझा छोटा दवाखाना होता. पेरूचा हंगाम आला की बाजाराच्या दिवशी वेटिंग रूमभर पेरूचा वास भरून राहायचा. गुरुजी रिटायर्ड हेडमास्तर. आत येताना "जय भीम, डॉक्टर" म्हणायचे आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसायचे.

त्यांचा डायबेटिस कंट्रोलमध्ये होता. पथ्य कडक, गोळ्या वेळेवर. तरी अंगठ्याची जखम भरेना आणि ईएसआर खाली येईना. ईएसआर म्हणजे रक्त उभ्या नळीत ठेवून तासाभरात तांबड्या पेशी किती खाली बसतात ते बघायचं. शरीरात कुठे दाह असला की त्या लवकर बसतात. जखम तर एवढीशी होती, तिच्या मानानं ईएसआर फारच जास्त होता. म्हणून छाती, दात, लघवी सगळं तपासलं. काही सापडलं नाही.

"घरी पाय वर ठेवून पडता ना?" मी विचारलं.

उत्तर गुरुजींच्या पत्नी सुशीलाबाईंनी दिलं, "कशाचं पडत्यात? रोज चालत एसटीडी बूथला जात्यात, पोरीला फोन लावाया. रातच्याला डोळ्याला डोळा न्हाई. लई काळजी करनारा जीव हाय ह्यांचा, पहिल्यापासून."

मुलगी अलका गडचिरोलीला शिक्षिका म्हणून लागली होती. फोन लागत नव्हता. लागला तरी शाळेतून तिला कोण बोलावून आणणार?

मी सर्जनना फोन केला. "सर, दोन आठवडे द्याल? अ‍ॅडमिट करून घेते."

"हाड चांगलं आहे, रक्तपुरवठा आहे, म्हणून देतो. पू वाढला तर त्याच दिवशी पाठव."

गुरुजींना वरच्या खोलीत ठेवलं. इन्सुलिन, अँटिबायोटिक, रोज ड्रेसिंग. पाय उशीवर. आणि अलकाला तार केली, रविवारी सकाळी दवाखान्याच्या नंबरवर फोन कर.

रविवारी फोन वाजला. गुरुजींना खुर्चीत बसवून, उचलून खाली आणलं.

"पाण्याची सोय आहे का गं? खोलीला कडी आहे?" मग बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले. शेवटी हसले. "पोरं तिला घाबरतात म्हणे," त्यांनी आम्हाला सांगितलं. त्या दुपारी ते गाढ झोपले. सुशीलाबाई दाराशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला "हळू बोला" म्हणत होत्या.

जखमेत लाल, ताजं मांस भरू लागलं. ईएसआर उतरला. अंगठा वाचला.

कशानं? औषधानं, आरामानं, झोपेनं, की अलकाच्या फोननं? सांगता येणार नाही. सगळंच एकदम केलं होतं. चिंतातुर स्वभाव आणि शरीरातला दाह यांचं काही नातं असावं, असा संशय तेव्हा आला. पुढे त्याबद्दल वाचायलाही मिळालं. पण एका अंगठ्यावरून काही सिद्ध होत नाही.

तेव्हापासून नव्या पेशंटला शुगर विचारण्याआधी मी विचारते, झोप लागते का, घरी कोण कोण असतं. यात वेळ जातो. बाहेर रांग वाढते, लोक चिडतात. त्यांचाही ईएसआर वाढत असेल.