चिंचेचा ठोकळा

श्रावणात आमचे दुकान उघडे असूनही निजलेले असते. अमरावतीच्या आमच्या भागात या महिन्यात मटण आणि चिकन वर्ज्य करणारी घरे इतकी की दुपारनंतर पायरीवर सावलीशिवाय कोणी चढत नाही. शीतगृहाची घरघर तेवढी चालू राहते. मागच्या दारातून येणारे ऊन धुतलेल्या पांढऱ्या फरशीवर पसरते, ढग आला की आवरून घेते आणि पुन्हा पसरते. खुर्चीवर बसून ते पाहताना मी जागा आहे की नाही, हे पुष्कळदा माझे मलाच कळत नाही.

मी मांस कापत नाही आणि विकत नाही. मालकांची दोन दुकाने आहेत, एक इथे आणि दुसरे अकोल्यात. दोन्ही ठिकाणची स्वच्छता, थंडावा आणि मालाचा दर्जा यांवर लक्ष ठेवणे हे माझे काम. कोंबडीची सुरी मटणाला लागू नये, हात धुतल्यावाचून कोणी मालाला शिवू नये, फळीला भेग असू नये, अशा गोष्टी मी हलक्या आवाजात दिवसभर सांगत असतो. भेग शोधण्याची माझी एक साधी रीत आहे. फळीवर हळदीचे पाणी ओतायचे आणि पुसून काढायचे. भेग असेल तिथे पिवळी रेघ राहते. आमचे घर रिद्धपूरच्या पंथातले, मांस न खाणारे, त्यामुळे ज्या वस्तूची मी एवढी काळजी वाहतो तिची चव मला ठाऊक नाही. दुकानातले मामा यावरून मला छेडत. “सायेब म्हणजे लग्नाले येऊन जेवण न करता जाणारा पाहुणा,” असे ते गिऱ्हाइकांना सांगत.

मामा म्हणजे आमचे कापणारे. वय साठीच्या पुढचे, मनगटे अजून कणखर. त्यांचा ठोकळा त्यांच्या वडिलांनी आणलेला होता. भातकुलीच्या रस्त्यावर वादळात पडलेल्या चिंचेच्या बुंध्याचा, माझ्या मांडीएवढा उंच. चिंचेचे लाकूड चिवट, सत्तुराच्या घावाने त्याचे कपचे निघत नाहीत. रोज काम संपल्यावर मामा तो खरवडून जाडे मीठ चोळत आणि त्यावर ओले पोते टाकत. त्या ठोकळ्याचा आवाज आमच्या गल्लीला ओळखीचा होता. ठक, ठक, मध्ये एक अंतर, पुन्हा ठक. घरात बसलेल्या बायकांना त्यावरून दुकान उघडल्याचे कळे.

या श्रावणात काम नव्हते, म्हणून मी ठोकळा कढत पाण्याने धुऊन मागच्या अंगणात उन्हात ठेवायला सांगितले. ओलाव्यात रोगजंतू वाढतात आणि ऊन त्यांना मारते, हे मी आयुष्यभर सांगत आलो आहे. मामांनाही ते पटले.

“बरोबर हाये,” ते म्हणाले. “बिचाऱ्यानं झाड होता तवाच काय थे ऊन पायलं. घेऊ द्या थोडं.”

सलग काही दिवस आभाळ मोकळे राहिले. ठोकळा अंगणात उभा होता आणि मी आत बसून त्याच्याकडे समाधानाने पाहत होतो. वर्षानुवर्षे ओल आणि चरबी प्यायलेले लाकूड एकाएकी सुकले तर त्याचे काय होईल, हा विचार मला शिवला नाही. मला वाटत होते, मी त्याला विश्रांती देतो आहे.

पोळा दोन दिवसांवर आला तेव्हा मामांनी ठोकळा आत आणायला म्हणून हात लावला आणि तसेच थांबले. मधोमध भेग पडली होती. त्यांनी सायकलच्या चाकाचा एक आरा आणून तिच्यात घातला. तो जवळजवळ अर्ध्या उंचीपर्यंत आत गेला.

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. महिनाभर थांबलेली वऱ्हाडातली घरे त्या दिवशी मटणाला निघतात आणि आमच्या दुकानापुढे रांग रस्त्यापर्यंत जाते. त्या रांगेसाठी भेगाळलेल्या ठोकळ्यावर मांस कापू देणे मला शक्य नव्हते. भेगेत जे अडकते ते कोणत्याही पाण्याने निघत नाही. मी तसे सांगितले, आणि अकोल्याच्या दुकानातली जादा प्लास्टिकची फळी आणू म्हणालो. ही भेग माझ्या सांगण्यामुळे पडली, हेही सांगितले.

“थे मले दिसून राह्यलं,” मामा म्हणाले. मग आरा बाहेर काढून त्यांनी तो धोतराला पुसला. “पण एक आयकून घ्या, सायेब. त्या प्लास्टिकवर माह्या हात नाही चालत. ठोकळा गेला त मीबी गेलो समजा.”

त्यांच्या स्वरात राग नव्हता, म्हणून ते अधिक खरे वाटले. शेवटी एक उपाय निघाला: ठोकळा लाकूड कापायच्या मशीनवर नेऊन त्याचा वरचा भाग कापून टाकायचा. खालचा भाग निर्मळ निघाला तर तो लोखंडी घोड्यावर बसवता येणार होता.

मशीनवाल्याने ठोकळा पाहून हात झटकले. “मटणाचं लाकूड हाये हे. याच्यात लोखंडाचा तुकडा असला अन माहं पातं गेलं त?”

“सत्तुराचा टवका याच्यात कदी राह्यला नाही,” मामा म्हणाले. “माह्याय नाही अन माह्या बापाचाय नाही. तू आपलं पातं पाय, धार हाये का त्याले?”

मशीनवाला हसला आणि त्याने ठोकळा ओढून घेतला. पाते फिरले. जुन्या चरबीचा आणि मिठाचा वास आला, आणि त्या वासाच्या खालून, अगदी पुसट, चिंचेचा. पहिला काप पडला तेव्हा नव्या पृष्ठावर भेग स्पष्ट होती. मी मामांकडे पाहिले. त्यांनी बोटाने आणखी खाली खूण केली. “याच्याखाली नाही जमत,” ते म्हणाले. “मंग थो घाव झेलत नाही, उड्या मारते.”

दुसरा काप पडला. भुसा झटकला. पृष्ठ तांबूस, नितळ, एखाद्या तळ्यासारखे. झाडाची वलये एकात एक शांत बसलेली. मामांनी त्यावरून तळहात फिरवला आणि त्यांचा चेहरा सैल झाला. “गेली,” ते म्हणाले.

मलाही ती दिसत नव्हती. हळदीच्या पाण्याची बाटली माझ्या पिशवीत होती, आणि त्या क्षणी ती तिथेच राहावी असे मला फार वाटले. मामा खुश होते. मशीनवाला खुश होता. माझ्या हातून जे बिघडले ते तिथे, त्या भुशात, आपोआप दुरुस्त झाले होते. मी फक्त गप्प राहायचे होते. आणि गप्प राहणे मला नेहमीच सोपे गेले आहे. आपल्याला क्षमा मिळावी या इच्छेचा चेहरा दयेसारखा दिसतो, हे मला त्या वेळी जाणवले. करीच्या रांगेतल्या माणसांचे माझ्या पश्चात्तापाशी काही देणेघेणे नव्हते.

मी बाटली काढली, पाणी ओतले आणि पुसले.

केसाएवढी पिवळी रेघ मधोमध राहिली. मामा खाली वाकून बराच वेळ तिच्याकडे पाहत बसले.

“आली,” ते म्हणाले.

ठोकळ्याचे तुकडे त्यांनी रिक्षात घातले आणि ते घरी निघाले. “करीले येता ना?” मी विचारले. “पाहू,” एवढेच ते म्हणाले.

पोळ्याच्या दिवशी मी अकोल्याच्या दुकानातली जाड पांढरी फळी घेऊन एसटीने परतलो. बाहेर झुली घातलेले बैल देवळाकडे चालले होते आणि त्यांच्या गळ्यातल्या घुंगरांचा नाद खिडकीतून येऊन विरत होता. फळी मांडीवर होती. डोळा लागला तेव्हा भातकुलीच्या रस्त्यावर एक चिंच उभी दिसली. तिच्या फांद्यांना चिंचांच्या जागी लहान लहान सत्तूर लोंबत होते आणि वाऱ्याने एकमेकांवर वाजत होते. मी खाली उभा राहून त्यांना हळू आवाजात गप्प करत होतो. जाग आली तेव्हा अमरावती आली होती आणि फळी माझ्या घामाने ओली झाली होती.

करीच्या सकाळी मी दुकान उघडले, फळी कढत पाण्याने धुतली आणि थांबलो. रांग लागू लागली. मालकांनी ऐनवेळी बोलावलेला दुसरा माणूस सुरीला धार लावत होता. तेवढ्यात मामा मागच्या दाराने आले, त्यांनी हात कोपरापर्यंत धुतले आणि त्या माणसाला बाजूला सारले.

“तुमच्यासाठी नाही आलो,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “करीले घरी बसलो त हात खाजवते.”

त्यांनी पहिला घाव घातला. धप्प असा बोथट आवाज आला, जणू शेजारच्या घरात काही पडले. ते थांबले, मनगट झटकले, पुन्हा घाव घातला. दुपारपर्यंत त्यांचे घाव सरळ पडू लागले, पण आवाज तसाच राहिला.

शेवटी गल्लीच्या टोकाची एक म्हातारी बाई डबा घेऊन घाईने आली. “मामा, मी त समजली दुकान बंदच हाये. आवाजच नाही येऊन राह्यला!”

“आवाज सायबानं उन्हात वाळू घातला, माय,” मामा म्हणाले. “वाळला का आणून देतो म्हणते.”

रांग हसली. मीही हसलो, आणि हसताना मान खाली घालावी लागली.

मामांनी फळी धुऊन पुसली आणि माझ्यापुढे सरकवली. “हासत काय राह्यले? थे हळदीचं पाणी टाका याच्यावर. लोकायलेबी पाहू द्या.”

मी पाणी ओतले. दोघे वाकून पाहत राहिलो. पुसले तेव्हा फळी पांढरी निघाली.

“आणा डबा,” मामांनी म्हातारीला सांगितले.