वाट कोण बघतंय

एका ऑफिसात दहा-बारा वर्षं काढली की कामं संपतात, पण त्यांच्या गोष्टी मागं राहतात. परवा चहा पिताना काकडे म्हणाला, "तू हे सगळं लिहून ठेव, नायतर मी माझ्या पद्धतीनं सांगत सुटेन." काकडेच्या पद्धतीत शहाणा नेहमी काकडेच निघतो. म्हणून मीच सांगतो.

आमचं वाळूजला छोटं डिझाइन ऑफिस आहे. कारखान्यात पार्टला भोक पाडताना तो हलू नये म्हणून त्याला घट्ट धरणारी लोखंडी चौकट लागते. तिला फिक्श्चर म्हणतात. ती आम्ही डिझाइन करतो आणि बनवून देतो. माणसं चार. मालक पठाडे साहेब, डिझाइनला मी आणि लासूर स्टेशनचा काकडे, आणि सगळी कामं मार्गी लावणाऱ्या साळवे मॅडम. कामं मात्र एका वेळी पंधराच्या खाली कधी आली नाहीत.

* * *

पूर्वी कामांची सगळी नोंद कॉम्प्युटरवर होती. एकदा घाईत दोन गिऱ्हाइकांच्या ड्रॉइंगची अदलाबदल झाली. त्यातल्या एका इंजिनिअरचा मॅडमना फोन आला. फार सभ्य माणूस. म्हणाला, "मॅडम, ड्रॉइंग एक नंबर आहे. फक्त हा पार्ट आम्ही बनवत नाही."

त्या संध्याकाळी घरी जाताना मॅडमनी बजाजनगरच्या दुकानातून चौकटीची जाडजूड वही घेतली. एका कामाला एक पान. पानावर तीनच ओळी. काम कोणतं, पुढचं पाऊल काय, आणि वाट कोण बघतंय. तिसऱ्या ओळीत कंपनीचं नाव चालायचं नाही, माणसाचंच लागायचं. रोज सकाळी साडेनऊला उभ्या-उभ्या सगळी पानं वाचायची.

काकडेनं विचारलं, "माणसाचं नाव कशाला?"

मॅडम म्हणाल्या, "कंपनीला उशीर झाला तर मेल येतो. माणसाला उशीर झाला तर तो बोलणी खातो."

* * *

काकडेचा वहीवर विश्वास नव्हता. त्यानं मोबाइलवर एक ॲप घेतलं. ते ठरल्या वेळी बाईच्या आवाजात कामाची आठवण करून द्यायचं. आठवण अशी की ऑफिसात सगळे दचकायचे.

पुढं त्याच्या बहिणीचा साखरपुडा होता. लासूरला मांडवात दोन्हीकडची मंडळी बसलेली, मुलीची ओटी भरणं चाललेलं. सगळे गप्प असताना काकडेच्या खिशातून बाई म्हणाली, "ग्राइंडिंग झालं का?"

काकडे खिसा दाबत उठायला लागला. तेवढ्यात मुलाकडचे एक मामा शांतपणे म्हणाले, "व्हय, कालच झालं."

मामा वाळूजलाच पार्ट घासून गुळगुळीत करणाऱ्या एका ग्राइंडिंगच्या शॉपमध्ये होते आणि आमचंच काम त्यांच्या मशीनवर होतं. सोमवारी काकडेनं ॲप काढून टाकलं. वहीतल्या ग्राइंडिंगच्या पानावर मॅडमनी त्याच्यासमोर टिक केली.

* * *

मॅडम स्वतःचा दिवस एका कागदाच्या पट्टीवर लिहायच्या. दुपारी तीन ते चार ही जागा रोज कोरी असायची. एकदा पठाडे साहेबांनी ती पट्टी बघितली.

"एवढी कामं अंगावर असताना हा तास मोकळा कसा?"

"मोकळा नाही, साहेब," मॅडम म्हणाल्या. "तीन वाजता तुम्ही येता ना."

त्यानंतर चार दिवस साहेब तीन वाजता आले नाहीत. पाचव्या दिवशी मॅडमच त्यांच्या केबिनपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "साहेब, या ना. सवय झालीय."

* * *

माझे बाबा पैठणला पैठणी विणतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन करायचं ठरलं होतं, पण माझ्याकडं सात कामं होती. आठवड्यामागं आठवडा मी पुढं ढकलत होतो. बाबा फोनवर म्हणायचे, "दिसतंय रे मला, काय घाई नाय."

ऑफिसात मी हे फक्त मॅडमपाशी बोललो होतो. एका सकाळी पानं वाचता वाचता त्या म्हणाल्या, "काम, बाबांचा डोळा. पुढचं पाऊल, डॉक्टरची तारीख. वाट कोण बघतंय?"

मी हातातल्या ड्रॉइंगकडं बघायला लागलो.

"नाव सांगा, लिहायचंय."

मी म्हणालो, "बाबा."

त्यांनी लिहिलं आणि पुढचं पान उलटलं. दुसऱ्या दिवशी तेच पान, परत तोच प्रश्न. तिसऱ्या दिवशी मी वाचनाच्या आधीच डॉक्टरला फोन लावला. माझी दोन कामं काकडेनं न सांगता स्वतःकडं ओढून घेतली.

ऑपरेशन चांगलं झालं. पट्टी निघाल्यावर बाबा पहिल्यांदा मागापाशी जाऊन बसले. आधीच्या दोन महिन्यांत विणलेला पदर त्यांनी निरखून पाहिला. मग खूश होऊन मला म्हणाले, "डोळ्यापुढं धुकं होतं, तरी मोर बघ कसा चोख उतरलाय. हाताला सगळं ठाऊक असतं."

आई चहा गाळत होती. तिनं कप भरून त्यांच्यापुढं ठेवला.

परत निघालो तेव्हा ती एसटी स्टँडपर्यंत आली. गाडी लागली तेव्हा हळूच म्हणाली, "दुपारी ते निजले की मी चुकलेले दोरे काढून पुन्हा भरायचे. त्यांना सांगू नको."

* * *

त्यानंतर महिन्याभरातच वही हरवली. मॅडम बजाजनगरहून शेअर रिक्षानं येतात, वही त्यातच राहिली. एकोणीस कामं होती. साहेबांचा चेहरा उतरला.

मॅडमनी कोरा कागद घेतला. "पानं गेलीत, माणसं कुठं गेलीत? कोण कोण वाट बघतंय, सांगा."

आम्ही नावं सांगत गेलो. नावावरून काम आठवलं, कामावरून पाऊल. दुपारपर्यंत अठरा झाली. एकोणिसावं आठवेना, तर त्या गिऱ्हाइकाचाच फोन आला.

दोन दिवसांनी रिक्षावाले चाचा वही घेऊन ऑफिसात आले. आत ऑफिसचा पत्ता होता, तो त्यांना उशिरा सापडला. पाणी पिऊन झालं तरी ते उठेनात. शेवटी म्हणाले, "मॅडम, वो बाबा के आंख का क्या हुआ? पन्ना पूरा पढ़ा मैं, आगे लिखेच नै."

मॅडमनी माझ्याकडं बोट केलं. मी म्हणालो, "हो गया चाचा. अब दिखता है."

"हां, तो लिखना ना फिर," चाचा म्हणाले आणि गेले.

* * *

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात निकम काका म्हणून सुपरवायझर होते. आमची फिक्श्चर त्यांच्या लाइनवर लागायची. सहा वर्षं रोज सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी त्यांचा फोन यायचा. नमस्कार नाही, काही नाही. "मॅडम, आमचं काय झालं?" एवढंच. मॅडम पान बघून सांगायच्या, काका फोन ठेवायचे. त्यांचं काम चालू नसलं तरी फोन यायचाच. काकडे त्यांना घड्याळ म्हणायचा.

गेल्या वर्षी ते रिटायर व्हायला दोन आठवडे उरले होते. त्यांच्या लाइनचं एक फिक्श्चर आमच्याकडं होतं, पण आणखी तीन आठवडे ते होण्यातलं नव्हतं. मॅडमनी सगळी पानं टेबलावर उघडून पाहिली. चार गिऱ्हाइकांना स्वतः फोन करून दोन-दोन दिवस मागून घेतले. काकांच्या शेवटच्या दिवशी दुपारी फिक्श्चर त्यांच्या मशीनवर चढलं.

मी ते बसवायला गेलो होतो. पहिला पार्ट काकांनी स्वतः लावला, क्लॅम्प आवळला, हलवून पाहिला. हलला नाही. "ठीक आहे," म्हणाले आणि हात पुसत सत्काराला गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही ऑफिसात होतो. दहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. मॅडमनी उचलला. स्पीकर चालू होता.

"मॅडम, आमचं काय झालं?"

मग तिकडून नुसता घरातला पंखा ऐकू येत होता. काकडे माझ्याकडं बघायला लागला.

मॅडमनी पेन उचललं.

"चालू आहे, काका," त्या म्हणाल्या. "थोडा वेळ लागेल. उद्या याच वेळी फोन करा."

"व्हय," काका म्हणाले. "करतो."