जित्या नवऱ्याची विधवा

खापरखेड्याहून नागपूरला येणाऱ्या बसमध्ये ती माझ्याशेजारी बसली. पन्नाशीची असेल. बसल्याबसल्याच तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला. "वाचून सांगा ना ताई, काय लिहिलं हाय?"

एका नव्या सिनेमाची वेबसाइट होती. पहिल्याच पानावर ओल्या डोळ्यांचा तिचा मोठा फोटो, आणि खाली ओळ: 'नवरा गेला, अश्रू उरले. सत्यकथा.' मी ती वाचून दाखवली.

"मी काहून रडू? वीजकेंद्राची राख गेली होती डोळ्यात!" ती उसळली. "गावात आलेल्या शूटिंगवाल्यायनं फोटो काढताना विचारलंबी नाही. माह्या जित्या नवऱ्याले मारून टाकलं यायनं. माहेरून फोन येऊन राहिले."

बोलता बोलता ती पदरानं मोबाइलची काच पुसत होती, नेमकी त्या डोळ्यांवर.

मलाही संताप आला. त्याच पानावर जागा शोधून मी तक्रार लिहायला घेतली आणि तिचं नाव विचारलं.

"नाव नका देऊ ताई. तेबी छापतील."

मग नाव न घालताच, फोटो काढून टाका, एवढं लिहून पाठवलं. क्षणात उत्तर आलं: 'तुमच्या प्रेमाबद्दल आभार! तिकीट आजच बुक करा.'

तेही मी तिला वाचून दाखवलं. मोबाइल ब्लाउजमध्ये खोचून ती पुढच्या थांब्यावर उतरली.

त्यानंतर मी अनेकदा लिहिलं. दर वेळी तेच आभार आले. सिनेमा लागला, तरी फोटो जागचा हलला नाही. आता त्याखाली प्रेक्षकांचे अभिप्राय आहेत. सगळ्यात वरचा असा: 'या माउलीला बघूनच तिकीट काढलं.'