खाणीतले मासे

धरणाचं काम संपलं आणि आमच्या माळावर दगडाची खाण तेवढी मागे राहिली. तिच्यात साठलेलं पाणी उन्हाळ्यातही पुरतं आटत नसे. माझा थोरला भाऊ त्या खाणीवर मजुरीला होता. साचल्या पाण्यात मासे पोसता येतात, शेण टाकलं की ते भराभर वाढतात, असं मुकादमाने त्याला सांगितलं होतं. त्याने ते मनावर घेतलं. नदीतले लहान मासे घागरीतून आणून खाणीत सोडले आणि काठाला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घातलं. एकच बाजू मोकळी ठेवली, कारण वरच्या वाडीतल्या धनगराची गुरं तिथून पाण्यावर येत.

पुढे त्याला तीही बंद करावीशी वाटली. धनगर म्हणाला, पाणी सगळ्यांचं आहे, जनावरं कुठे नेऊ? तो शांतपणे बोलला होता, पण भावाला त्यात धमकी ऐकू आली. तेव्हापासून तो धनगराच्या पायवाटेवर नजर ठेवू लागला. त्याच सुमारास खाणीखालच्या झऱ्याला वास येऊ लागला. पाणी भरायला आलेल्या बायका आमच्या घराकडे बघून नाकाला पदर लावत. आपल्याला इथून उठवायचा हा डाव आहे, असं भाऊ म्हणे. मलाही ते पटत होतं.

वैशाखात एका सकाळी मासे पोट वर करून तरंगताना दिसले. काठावर गेळाची सुकी फळं पडली होती. ती ठेचून पाण्यात टाकली की मासे गुंगतात, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. गेळाचं झाड खाणीच्या वरच होतं, पण त्या दिवशी ते आम्हा दोघांनाही दिसलं नाही.

आम्ही भोरला कचेरीत गेलो. मामलेदारांनी धनगराचं नाव लिहून घेण्याआधी भावालाच विचारलं, खाण कुणाची? मासे कुणाच्या परवानगीने सोडले? झऱ्याचं पाणी पिणाऱ्यांना विचारलं होतं का? परतताना भाऊ मला म्हणाला, धनगर आपल्याआधी कचेरीत येऊन गेलेला दिसतोय.

त्याच आठवड्यात कारकून पंचनाम्याला आला. भावाने फळं दाखवली. किती शेण टाकता, असं कारकुनाने विचारलं. थोडंसं, भाऊ म्हणाला. वहिनी झऱ्यापाशी घागर घेऊन उभी होती. ती पुढे आली.

"साहेब, इख कुनी घातलं न्हाई. लई शेन टाकलं आमी. टोपल्या म्याच वाहिल्या. पानी आटत चाललंय, आता बास करा, म्हनत हुते ह्यास्नी."

कारकुनाने काठीने तळ ढवळला. काळा गाळ वर आला. झऱ्याला येत होता तोच वास त्यालाही होता.

शेण बंद, गाळ उपसून झरा साफ करायचा, गुरांची वाट अडवायची नाही आणि मग रीतसर परवानगीचा अर्ज, असा हुकूम आला. भावाने सगळं पाळलं. परवानगीही मिळाली. मग तो मला घेऊन धनगराच्या वाडीवर गेला आणि गुरं पुन्हा पाण्यावर आणा म्हणाला. धनगराने आम्हाला ताक दिलं.

"न्हाई आनत," तो म्हणाला. "उद्या तुमचा एक मासा मेला, तरी पुन्हा माझंच नाव निघंल."

भावाने ताक संपवलं आणि आम्ही उठलो. उतरताना वाटेत गावातला एकजण भेटला. त्याने राम राम केला आणि आमच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, असं मला वाटलं. काय म्हणत असेल तो, असं भावाने विचारलं. मी मागे वळून पाहिलं, तर तोही वळून आमच्याकडेच बघत होता.